एकोणीस हजर

"माझी पोर शालन हाजर हाय, तर मंग घरान चुलीम्होरं बसलीय ती कोन हाय? बोला ना मास्तर! भूत हाय का ती?"

वर्गाच्या दारात उभी राहून गावातली एक कोळीण मावशी ओरडत होती. आवाज असा, की खाडीतले बगळे उठले आणि थेट उरणला जाऊन बसले. मी स्वतः पाहिलेत उठताना. डोक्यावर मासळीची रिकामी पाटी, नऊवारी गुडघ्यापर्यंत ओढलेली, आणि एक हात मागे वळवून तिनं कुणालातरी मनगटाशी घट्ट धरलं होतं. कोण ते आम्हाला दिसत नव्हतं.

तिच्यासमोर मोठे गुरुजी, हातात उघडं हजेरीपुस्तक. फळ्यापाशी आमच्या बाई, हातात खडू. खाली बसायच्या लांब पट्टीवर आमची दुसरीची 'ब' तुकडी, हजेरी क्रमांकानं ओळीत बसलेली. मी वीस नंबर. माझ्या डावीकडे अठरा नंबर. आणि आमच्या दोघींमध्ये दीड हात रिकामी जागा.

ती जागा एकोणीसची. वर्षभर ती रिकामी होती आणि वर्षभर ती हजर होती. आता हे कसं, ते सांगते. मी काही सांगायला लागले की त्यातून निम्मं वजा करायची आमच्या घरात रीत आहे. तुम्हीही खुशाल करा. पण वजाबाकी करताना मागं जे उरेल ते नीट बघा, एवढंच.

आम्ही साताऱ्याकडचे. वडील तुर्भ्याच्या बाजारात पाठीवर गोण्या वाहायचे आणि आम्ही नेरुळच्या पलीकडे दोन खोल्यांत राहायचो. त्या बाजूला सीवूड्स म्हणायची पद्धत अजून पडली नव्हती, तिथं नुसता चिखल होता आणि चिखलात लावलेल्या पाट्या होत्या. शाळा खाडीकाठच्या गावाच्या टोकाला. निम्मी पोरं गावातल्या कोळ्या-आगऱ्यांची, निम्मी आमच्यासारखी वरून आलेल्यांची. एका खिडकीतून तिवरं दिसायची, दुसऱ्या खिडकीतून नवं शहर उगवताना दिसायचं. तिथं इमारतींचा पाया ठोकणारं एक यंत्र दिवसभर धडाम धडाम करत असे. गुरुवार हा पाढ्यांचा वार. आम्ही पाढे त्या यंत्राच्या तालावर म्हणायचो. सात एके सात, धडाम. सात दुणे चौदा, धडाम. एका गुरुवारी यंत्र बिघडलं तर सगळा वर्ग सात चोक अठ्ठावीसवर तोंड उघडं ठेवून पाव तास बसला. बरं, पाव तास नसेल. पण बसला.

बाईंचा आठवडा असाच वारांनी बांधलेला होता. सोमवारी वाचन. पुस्तकातल्या ओळीखाली बोट ठेवायचं, आणि बोट ओळीच्या पुढे पळालं की बाई त्यावर पट्टी ठेवायच्या. मारायच्या नाहीत, नुसती ठेवायच्या. बुधवारी तोंडी गोष्ट. बुधवार म्हणजे माझा दिवाळसण. माझ्या वडिलांनी बाजारात एक गोणी उचलली, ती फार जड लागली, उघडून बघतात तर आत हत्ती, अशी गोष्ट मी सांगत होते तेव्हा बाई वहीतून मान वर न करता म्हणाल्या, "आधी हत्ती खाली उतरव, मग बस."

शुक्रवारी चिंचोके घेऊन बेरजा-वजाबाक्या. शुक्रवार माझा वैरी. हातच्याची वजाबाकी मला येत नव्हती. बाई समजावून सांगायच्या, "एककाच्या घरात कमी पडले, की शेजारच्या दशकाच्या घरातून दहा उसने आणायचे." मी विचारायची, "शेजारीण देत नाही म्हणाली तर?" आमच्या चाळीत शेजारीण वाटीभर साखर देताना सात पिढ्यांचा उद्धार करायची, ती दहाचे दहा कशी देईल? माझी वजाबाकी त्या दारातच अडायची.

आणि शनिवारी सकाळची शाळा, त्या दिवशी शनिवारची वही. प्रत्येकाची एक वेगळी वही असे, ती घरी न्यायची नाही. शाळेतल्या पत्र्याच्या पेटीत राहायची. आठवडाभरात जे शिकलो ते त्या वहीत उतरवायचं: धड्यातलं वाचून पाच ओळी शुद्धलेखन आणि पाच गणितं. तपासणीचे साहेब आले की ती पेटी उघडायची. वर्गाची सगळी अब्रू त्या पेटीत.

खरी एकोणीस पहिलीपासून माझ्या शेजारी बसायची. बोलायची नाही. म्हणजे मीच इतकी बोलायची की तिची पाळी येत नसे. हजेरीला मात्र ती "हाजर!" अशी हाक द्यायची, जशी होडीतून किनाऱ्याला देतात. बाई नावं पुकारत नसत, क्रमांक पुकारत. पाटीवर तिला सातचा आकडा कधी सरळ आला नाही. कधी उलटा, कधी आडवा, एकदा तर त्याला तिनं शेपूट काढलं. पण मधल्या सुट्टीत चिंचोके पसरले की एका नजरेत पाच-पाचाचे वाटे करायची, बोंबलांचे करतात तसे. "किती?" म्हटलं की बोटं न मोडता सांगायची. मला ते बघून भयंकर राग यायचा. मग आम्ही ते चिंचोके भाजून खायचो.

दुसरी सुरू होऊन दोनच आठवडे झाले आणि ती यायची थांबली. गावातली पोरं म्हणाली, तिचा बाप मोठ्या बोटीवर कामाला गेला आणि आई तिला घेऊन खाडीपलीकडे माहेरी राहायला गेली. शाळेत कुणी कळवलं नव्हतं. मासळी सोडून कोण कळवायला येतंय?

त्याच दिवसांत व्हरांड्यात बाई दुसऱ्या बाईंशी बोलत होत्या. भिंतीला कान असतात म्हणतात. आमच्या शाळेत भिंतीला नव्हते, वीस नंबरला होते. मी ऐकलं ते असं, की 'ब' तुकडीचा पट अगदी काठावर आहे. एक पोर जरी गळालं तरी दोन्ही तुकड्या एक होणार आणि बाई सगळ्यांत नव्या, म्हणून त्यांची बदली पार मोखाड्याच्या डोंगरात. बाईंचं बाळ तेव्हा पाच-सहा महिन्यांचं. ते कोपरखैरण्याला सासूजवळ असायचं. दुपार होत आली की बाईंचं पोलकं भिजायचं आणि त्या पदर पुढे ओढून फळ्याकडे तोंड करायच्या. आम्ही सगळ्या मुली ते बघायचो आणि एकमेकींना सांगायचो नाही.

दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना बाई म्हणाल्या, "अठरा." अठरा म्हणाली, "हजर." बाई म्हणाल्या, "एकोणीस." कुणी बोललं नाही. आणि मी, निव्वळ मस्ती म्हणून, त्याच जाड्या आवाजात, होडीतून किनाऱ्याला हाक द्यावी तशी म्हणाले, "हाजर!"

वर्ग खो खो हसला. बाईंचं पेन थांबलं. त्यांनी मान वर केली नाही. खिडकीबाहेर धडाम झालं, आणि पेन पुढे सरकलं. "वीस," त्या म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी त्या "एकोणीस" म्हणाल्या आणि थांबल्या. मला आठवतंय, त्या वाट बघत होत्या. आता कुणी हसत नव्हतं. मी म्हणाले.

त्या शनिवारी बाईंनी मला दोन वह्या दिल्या. एक माझी, एक तिची. खाली वाकून, पट्टीसारखंच हळू म्हणाल्या, "तुझं आटोपलं की हिचंही आटप. अक्षर जरा तिरकं काढ."

मी सात वर्षांची होते. बाईंनी मला असं काही काम दिलं होतं जे सगळ्या जगात मलाच येणार होतं. राणीनं हातात तलवार दिली असती तरी माझी छाती एवढी फुगली नसती.

पहिल्या शनिवारी मी तिच्या वहीत मुद्दाम चुका केल्या. सात उलटा काढला. वेलांटीला शेपूट दिलं. अगदी तिचं वाटावं म्हणून जीव तोडून वाईट लिहिलं. पण वाईट लिहायला फार लक्ष द्यावं लागतं हो, आणि एवढं लक्ष मी माझ्या वहीत जन्मात कधी दिलं नव्हतं. दोन-तीन शनिवार गेले आणि तिची अक्षरं सरळ व्हायला लागली. मला आवरेना. तिरकी, बारीक, एका उंचीची अक्षरं, जशी पावसानंतर तारेवर चिमण्या बसतात. माझ्या वहीत शेजारीण दहा उसने देत नव्हती. तिच्या वहीत लगेच द्यायची, हसत द्यायची. माझ्या पाच गणितांपैकी तीन चुकायची. तिची पाचही बरोबर. बोट माझं, पेन्सिल माझी, आणि शहाणी ती!

एका शनिवारी बाईंनी तिची वही हातात धरून वर्गाला दाखवली. त्या तंद्रीतच म्हणून गेल्या, "बघा, एकोणीसचं अक्षर कसं सुधारलंय. शिका जरा तिच्याकडून."

सगळा वर्ग वळून माझ्या डावीकडच्या रिकाम्या जागेकडे बघायला लागला. मीपण बघितलं. बाईंचा हात वहीसकट वरच राहिला. मला वाटतं, आपण काय बोललो ते त्यांना तेव्हा ऐकू आलं.

त्या दिवसापासून त्या जागेवर कुणी बसेना. आधी नुसती जागा रिकामी होती, आता ती भरलेली झाली. अठरा नंबरची चुकून सरकली की मागून कुणीतरी तिला खेचायचं, "ए, तिच्या अंगावर बसतेस काय?" शुक्रवारी चिंचोके वाटताना वाटणारी तिच्यापुढे दहा ठेवायची. संध्याकाळी ते गोळा करताना नऊ भरायचे. खाल्ला असेल कुणीतरी, बहुतेक मीच. पण मी नाही म्हणाले, आणि मी नाही म्हटल्यावर उरलं कोण?

घरी माझी आई म्हणायची, "आगं भवाने, जेवताना कुणाशी बोलतीस?" आणि मी शेजारच्या पाटाकडे बघायची. तिथं नव्हतंच कुणी. पण मी एक घास कमी घेतलेला असायचा. जागा ठेवायची सवय लागली की ती घरी पण येते.

दिवाळीनंतर तपासणीचे साहेब आले. पेटी उघडली. शेकडो वह्यांतून, म्हणजे तीस-पस्तीस असतील, त्यांनी नेमकी एकोणीसची काढली. पानं चाळली. "वा," ते म्हणाले. "कुठाय ही मुलगी?"

पुढच्या पट्टीवरच्या पोरांनी त्या दीड हात जागेकडे बोटं दाखवली. देवाशपथ दाखवली. बाई चटकन म्हणाल्या, "ताप आहे आज तिला, साहेब." साहेबांनी हिरव्या शाईनं वहीवर 'उत्तम' लिहिलं आणि सही ठोकली. माझी वही त्यांनी उघडलीसुद्धा नाही. घरी आल्यावर मी चार दिवस रडले. कशाला रडते हे विचारलं तर काय सांगणार? की जी नाही ती माझ्यापुढं गेली?

मग मला गालगुंड झालं. दोन्ही गाल फुगून माझं तोंड कलिंगडाएवढं झालं होतं, आणि हे निम्मं वजा केलं तरी खरबुजाएवढं उरतं. आठवडाभर माझी शाळा बंद. सहाव्या दिवशी मला घाम फुटला. मी नाही तर 'हाजर' कोण म्हणत असेल? आता गैरहजरी लागणार, पट मोडणार, बाई डोंगरात जाणार, बाळ कोपरखैरण्यात राहणार. सगळं माझ्या गालांमुळे.

परत गेले तेव्हा अठरा नंबरला आधी तेच विचारलं. ती म्हणाली, "रोज म्हणत होती की हजर."

"कोण म्हणत होतं?"

"एकोणीस."

"अगं पण कोण?"

ती माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मीच वेडी. मी पेटी उघडली. शनिवारची वही भरलेली होती. पाच ओळी, पाच गणितं. तेच तिरकं, चिमण्यांचं अक्षर. सातला ती बारीकशी शेपटी, जी मी शेवटची कधी काढली होती ते मलाही आठवत नव्हतं.

आज मला कळतं की ते बाईंनी लिहिलं असणार. दुसरं कोण लिहील? हजेरीलाही मागून कुठलंतरी पोरगं माझी नक्कल करत असणार. सगळं कळतं. तरीही मी तेव्हा बाईंना विचारलं, "ही वही कुणी लिहिली?" तर त्या माझ्याकडे न बघता पदर पुढे ओढत म्हणाल्या, "ज्याची त्यानं." त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. बाई घाबरलेल्या असतात हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. कशाला घाबरल्या, साहेबांना की वहीला, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

शिमगा झाला, होळीची राख निवली, आणि मावशी आली.

आता पुन्हा त्या दारात चला. मावशी ओरडतेय. झालं होतं असं, की माहेरच्या गावातली शाळा दाखल्याशिवाय पोरीला घेईना. मावशीनं दोनदा दिरासोबत निरोप धाडला की शाळा सोडल्याचा दाखला द्या. मोठे गुरुजी सज्जन माणूस, पण त्यांचा विश्वास माणसांवर नव्हता, हजेरीपुस्तकावर होता. त्यांनी पुस्तक उघडलं, पोर रोज हजर. त्यांनी दिराला दोन्ही वेळा सांगून परत पाठवलं, "मुलगी नियमित शाळेत येते आहे, दाखला कशाला हवा?" दिरानं ते तसंच्या तसं घरी सांगितलं. मावशीला वाटलं मास्तर चेष्टा करतोय. असं करता करता वर्ष गेलं. पोर दुसऱ्या शाळेच्या दारापर्यंत जायची आणि परत फिरवली जायची. मग सुकवायच्या बोंबलांपाशी बसायची.

एवढं मला तिथं, त्या पट्टीवर बसल्याबसल्या कळलं. मी बाईंची बदली टाळत होते आणि इकडे माझ्या प्रत्येक 'हाजर'नं तिच्या तोंडावर एक दार लागत होतं. अख्ख्या शाळेत एकच दाखला होता तिच्या नावाचा, आणि त्याच्यावर मी बसले होते.

"हे बघा," गुरुजी पुस्तक पुढे करत म्हणाले, "काल हजर. परवा हजर. साहेबांची सही आहे वहीवर. तुमची मुलगी हुशार आहे, बाई."

"मना येरी समजता काय?" मावशी म्हणाली, आणि मागचं मनगट पुढे ओढलं. "मंग ही कोन? ही माझे पोटान आलेली, ही कोन हाय?"

एकोणीस दारात उभी राहिली.

उंच झाली होती. उन्हानं केस तांबूस झाले होते. हातांना सुकवलेल्या मासळीचा वास, तो पार आमच्यापर्यंत आला. वर्गातल्या गावच्या पोरांनीही तिला ओळखलं नाही, असं मी म्हणणार होते, पण ते खोटं आहे. त्यांनी ओळखलं. ओळखलं आणि एकदा तिच्याकडे, एकदा माझ्या डावीकडे असं बघत राहिली. त्यांना दोन दिसत होत्या.

गुरुजींनी चष्मा पुसला. पुस्तकाकडे बघितलं, पोरीकडे बघितलं. त्यांचा कल पुस्तकाकडे होता. मग त्यांना जे सुचलं ते आयुष्यभर हजेरी घेणाऱ्या माणसालाच सुचू शकतं. ते खणखणीत आवाजात म्हणाले,

"एकोणीस!"

तिनं तोंड उघडलं. मी बघत होते, तिनं श्वास घेतला, तीच ती होडीतून किनाऱ्याला हाक द्यायची तयारी.

आणि आवाज आला, "हाजर!"

माझ्या तोंडातून.

माझ्या मनात नव्हतं हो. माझ्या जिभेनं केलं ते. नऊ महिने रोज सकाळी तो आकडा ऐकला की ती हलायची, तशी हलली. आवाज तिचाच होता, तिच्या आताच्या आवाजापेक्षाही जास्त तिचा. मावशी एकदम गप्प झाली. इतकं ओरडणारी बाई गप्प झाली की फार शांत होतं, त्या शांततेत बाहेरचं यंत्रसुद्धा थांबलं. निदान मला तरी धडाम ऐकू आलं नाही.

ती पोर माझ्याकडे बघत होती. तिचं तोंड अजून उघडं होतं. तिनं ते मिटलं.

बाईंनी खडू खाली ठेवला. "गुरुजी," त्या म्हणाल्या, "ते मी करायला लावलं. मुलीची चूक नाही." पुढचं ती तिघं मोठी माणसं दारापाशी हळू आवाजात बोलली. मला तुकडे ऐकू आले. साहेबांची सही. नोकरी. आता काही लिहिता येत नाही. मग गुरुजींनी तोडगा काढला, त्यांना वाटलं फार मोठा तोडगा: पोरीला आजपासून इथंच बसवा, नाव तर पटावर आहेच, गावात चुलतीकडे राहील, बाई शनिवारी शाळा सुटल्यावर जास्तीचं शिकवतील. बाई भरभर मान हलवत होत्या, "मी शिकवीन, मी शिकवीन हो," आणि पदर पुढे ओढत होत्या.

मावशीनं पोरीकडे बघितलं. तिलाही शाळा हवीच होती पोरीला, त्यासाठीच खाडी ओलांडून आली होती. राग गिळून म्हणाली, "जा. बस जा."

पोर दोन पावलं आत आली. मी पट्टीवर हात आपटला. "ये ना," मी म्हणाले. "इथं. तुझीच आहे." अठरा नंबर सरकून बसली. बाईंनी पेटीतून शनिवारची वही काढून तिच्या हातात दिली. तिनं पानं उलटली. सावकाश, एकेक. हिरव्या शाईच्या सहीपाशी थांबली, मग पुढे गेली. ती ते वाचत नव्हती, तिला वाचता येत नव्हतं. पण बघत होती. फोटोत आपल्या जागी दुसरंच कुणी दिसावं तसं. बघून झाल्यावर वही मिटली, बाईंच्या टेबलावर ठेवली, आणि ती आईपाशी परत जाऊन उभी राहिली. मावशीनं समजावलं, ओढलं, एक धपाटा घातला. ती हलली नाही.

शेवटी गुरुजींनी दाखला लिहिला. खरं लिहायचं म्हणजे बाईंची नोकरी, आणि पुस्तकाविरुद्ध लिहायला गुरुजींचा हातच उचलत नव्हता. म्हणून त्यांनी पुस्तकात होतं तेच लिहिलं. इयत्ता दुसरी, उपस्थिती नियमित, प्रगती उत्तम. या दाखल्यावर तिकडची शाळा तिला सरळ तिसरीत बसवणार होती. सातचा आकडा न येणाऱ्या पोरीला, माझ्या अक्षरांच्या जोरावर. कागद पदराच्या गाठीत बांधताना मावशी वाचत नव्हती आणि बाई फळ्याकडे तोंड करून उभ्या होत्या.

पट मोडला तो मोडलाच. जूनमध्ये दोन तुकड्या एक झाल्या आणि बाई बाळाला काखेत घेऊन डोंगरात गेल्या. ती तिसरीत किती दिवस टिकली, टिकली का, मला कधी कळलं नाही. मी विचारलं नाही, हे जास्त खरं. हातच्याची वजाबाकी मला आता येते, पण तिरकं अक्षर काढल्याशिवाय ती जमत नाही. आणि बँकेत कधी टोकन नंबर एकोणीस पुकारलं, की माझा हात पर्सवर असतो, नजर कुठंतरी असते, आणि जीभ हलते. नवरा चिडवतो, "तुझा पंचवीस आहे गं." मी हसते. पण मी अजून कुठल्याही बाकावर बसताना डावीकडे थोडी जागा सोडते.

त्या दिवशी त्या दोघी फाटकाबाहेर पडल्या तशी मी वर्गातून पळाले. बाईंनी हाकसुद्धा मारली नाही. तिवरांच्या कडेच्या वाटेवर मी त्यांना गाठलं. मावशी पुढे गेली होती. मला तिला खूप सांगायचं होतं, एकदा, माझ्या जन्मात पहिल्यांदा, काही न वाढवता. की ते सगळं मी लिहिलं. की मला ठाऊक नव्हतं. तोंडातून भलतंच बाहेर आलं.

"बसली का नाहीस गं?" मी धापा टाकत म्हणाले. "वर्षभर कुणाला बसू दिलं नाही आम्ही. जागा ठेवली होती तुझी."

ती थांबली. माझ्या खांद्यावरून वर्गाच्या उघड्या दाराकडे तिनं एकदा बघितलं.

"तिथं बसलीय ना एक," ती म्हणाली.